चाळीस शेरांचा एकच कॅन

"दूध विकलं तं पूत विकला," असं माझी माय म्हणायची. आणि मी तिचा सख्खा मुलगा गावभर हिंडून लोकांना सांगत होतो की बाप्पाहो, दूध विका! आता बोला!

आजच्या पोरांना खरं वाटत नाही, पण त्या काळी आमच्या वऱ्हाडात शेतकऱ्याच्या घरचं दूध ही विकायची वस्तूच नव्हती. विकायचा तो कापूस. म्हशी दावणीला असायच्या, पण दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप व्हायचं. तूप तेवढं बाजारात जायचं आणि ताक शेजारीपाजारी फुकट. ज्याच्या घरून दूध विकायला निघालं, त्याचं घर बसलं असं लोक धरून चालायचे.

पुढे मी तालुक्याच्या दूध संघाचा अध्यक्ष झालो, हारतुरे घेतले, भाषणं ठोकली. त्यातलं एकही भाषण आज मला आठवत नाही. या अंकाचे संपादक म्हणाले, "शामराव, तुमचा जीवनप्रवास लिहून द्या." मी म्हटलं, प्रवास एकच लिहीन, तोही माझा नाही, एका कॅनचा. आमच्या गावच्या ओट्यापासून अकोल्यापर्यंतचा. त्या आठवडाभरात मी जेवढा घाबरलो, धावलो आणि शरमलो, तेवढा पुढच्या सगळ्या अध्यक्षपदात मिळून नाही.

आमचं गाव मूर्तिजापूरच्या बाजूचं. स्टेशन दोन मैलांवर. सकाळची पॅसेंजर अकोल्याला जायची. अकोल्यात एक मोठे मिठाईवाले शेठजी होते, चहाचं हॉटेलही त्यांचंच. त्यांना म्हशीचं दाट दूध हवं होतं आणि आमच्या म्हशी म्हणजे काय सांगू! तलवारीसारखी लांब शिंगं, खायला सरकी अन् ढेप, म्हणजे तेलाच्या घाण्यावरची पेंड. दुधावर साय अशी यायची की बोट रुतावं. मी बारा घरं जमवली, संस्था काढली आणि एक चाळीस शेरांचा कॅन आणला. लिटर तेव्हा यायचा होता, शेर-पावशेरच चालू होतं. पहिल्या दिवशी तो कॅन रेंगीत, म्हणजे आमच्या हलक्या बैलगाडीत, चढवला तेव्हा अर्धं गाव मागे पळत आलं. जसा काही नवरदेवच निघाला!

आता थोडं धंद्याचं सांगतो. सकाळी प्रत्येक घरची बाई किंवा बाप्या आपापला गंज, म्हणजे दुधाचं पातेलं, घेऊन देवळासमोरच्या ओट्यावर यायचा. मी मापायचो, दुधात काचेची नळी सोडायचो. नळी खोल बुडाली की समजा पाणी मिळवलं, वर तरंगली की दूध दाट. मग सगळं एकाच कॅनात. सगळं सोपं वाटतं ना? पण कॅन तोंडापर्यंत भरला नाही, तर रेंगीच्या हिसक्यांनी आणि आगगाडीच्या धक्क्यांनी दूध आपोआप घुसळलं जातं आणि अकोल्याला पोचेपर्यंत वर लोण्याचे गोळे! म्हणून आम्ही अर्धवट कॅनात कडब्याची स्वच्छ धुतलेली पेंडी सोडायचो. तिनं दूध हिंदळत नाही. पहिल्यांदा ती पेंडी पाहून शेठजींनी मला बोलावून घेतलं. "पाटील, दूध मंगाया था. भैंस का खाना भी साथ भेजते हो क्या?"

आमचा कॅन रोज चार-पाच बोटं कमी भरायचा. ती चार बोटं भरायला सुखदेव आला.

सुखदेव माझ्याच वयाचा. आम्ही एकाच शाळेत होतो. मी वर्गात बसून शिकलो, तो दाराबाहेर बसून शिकला, आणि गणितं त्याची माझ्याआधी व्हायची. छप्पन साली त्याच्या सगळ्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला. मूर्तिजापूरच्या जिनिंगमध्ये तो पाळीवर होता. तिथली सरकी आणून त्यानं दोन म्हशी अशा पोसल्या होत्या की पाहत राहावं. तो मला अरे-तुरे करायचा. गावातल्या म्हाताऱ्यांना ते खुपायचं, मला नाही. एका सकाळी तो घासून लखलखीत केलेला गंज घेऊन ओट्याशी आला.

"शामराव, सात शेर दूध हाय. तुमच्या कॅनात जागा हाय हे मले ठाऊक हाय. घेतं का नाई, ते सांग."

आमचे नारायणकाका, संस्थेतले सगळ्यात थोरले आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचे, ते उसळले. "काहून बे शामराव, आता कॅनातबी साऱ्या गावचा काला करतं काय?"

माझंही डोकं तापट. मी म्हटलं, "काका, कॅन रोज चार बोटं रिकामा जाते. तुमी भरता काय? नाई ना? मंग?"

खूप तणतण झाली. शेवटी काकांनीच तोड काढली. सुखदेवचं दूध घ्यायचं, पण सगळ्यांचं झाल्यावर, सगळ्यात शेवटी. जसं काही कॅनात दूध थरांनी बसतं, खाली आमचं आणि वर त्याचं! सुखदेवला पाळी गाठायची असायची, तो सगळ्यांच्या आधी यायचा आणि बाजूला उभा राहायचा. मी मात्र स्वतःवर खूश. कॅन भरला, गाव फुटलं नाही, वा रे शामराव! आज त्या खुशीची लाज वाटते. पण तेव्हा वाटत होती खुशीच, ते खोटं कशाला सांगू?

दहा-बारा दिवस मजेत गेले. आणि मग एका संध्याकाळी परतीच्या गाडीचा गार्ड रिकामा कॅन उतरवत म्हणाला, "पाटील, सेठजी बहुत गरम हैं. आपका दूध चूल्हे पर रखते ही फट गया. पूरा कॅन!"

चाळीस शेर! मी रात्री कॅन गरम पाण्यानं धुतला, सोड्यानं घासला, राखेनं घासला, उलटा टांगला. सकाळी प्रत्येकाचं दूध नाकाशी धरून पाहिलं. आंबूस वास नाही. नळी सोडली तर उलट नेहमीपेक्षा वर! दूध दाट निघालं म्हणून मी आणखी फुगलो. संध्याकाळी गार्ड म्हणाला, "आज भी फटा."

मग काय! ओट्यावर बोलायला सगळ्यांना तोंडं फुटली. इतके दिवस फाटलं नाही, आताच काहून? नवं कोण आलं? कुणी नाव घेत नव्हतं आणि सगळे एकाच माणसाकडे पाहत होते. नारायणकाका म्हणाले, "मी पह्यलेच म्हणलं होतं." दोन घरं म्हणाली, आम्ही उद्यापासून पुन्हा तूपच करतो. संस्था मोडायला दोन घरं पुरतात.

मी सुखदेवला बाजूला घेतलं. "चार दिवस दूध आणू नको."

"काहून?"

"लोक म्हणून राहिले ना बाप्पा..."

"लोकायचं सोड. तू काय म्हणून राहिला?"

मी म्हटलं, "कॅन वाचवाचा हाय, सुखदेव."

त्यानं गंजावरचं फडकं नीट बांधलं. "बरं. नाई आणत. पण माह्या दुधाबिगर फाटलं तं कोनाच्या दारात जाशीन, ते आजच ठरवून ठेव."

दुसऱ्या दिवशी मी कॅनाबरोबर गार्डाच्या डब्यात बसून स्वतः अकोल्याला गेलो. चार बोटं पुन्हा रिकामी होती, तिथे कडब्याची पेंडी तरंगत होती. शेठजींच्या भट्टीवर माझ्यासमोर दूध कढईत ओतलं. दूध तापलं, कडेला बुडबुडे आले, आणि बघता बघता मऊ, पिवळसर गोळे धरू लागलं!

शेठजींनी कपाळाला हात लावला. पण भट्टीवरचा आचारी होता दर्यापुराकडचा, आपल्या भागातला माणूस. त्यानं झाऱ्यानं एक गोळा उचलला, फुंकर घालून तोंडात टाकला आणि हसत सुटला. "भाऊ, हे फाटलं नाई! हे थिजलं! हा तं खरवस होय!"

मी ओरडलोच, "चीक!"

ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांच्यासाठी सांगतो. म्हैस व्याली की पहिले चार-पाच दिवस जे दाट दूध येतं तो चीक. त्यात गूळ घालून वाफवलं की खरवस. चीक तापला की थिजणारच, तो त्याचा धर्मच आहे. आणि दुधापेक्षा जड असतो म्हणून माझी ती शहाणी नळी वर यायची! कुणाच्या तरी घरून चीक कॅनात येत होता. ते पावसाळा सरतानाचे दिवस, निम्म्या गावच्या म्हशी तेव्हाच वितात. दुसऱ्या क्षणी मला आठवलं की सुखदेवच्या दोन्ही म्हशी उन्हाळ्यातच व्यालेल्या आहेत. तिसऱ्या क्षणी आठवलं की परवा मी स्वतः माझ्या घरी बशी चाटूनपुसून खरवस खाल्ला. पण तो विचार मी झटकून टाकला. आमची माय सत्तर वर्षांची, म्हशींत जन्म गेला तिचा, ती असं करेल?

शेठजी म्हणाले, "कल एक कॅन और. पूरा भरा हुआ, बिना घास का. फटा तो राम राम."

परतताना गाडीत मला बसवत नव्हतं. स्टेशनवर उतरून गावाकडे निघालो तेव्हा सुखदेवची वस्ती वाटेवरच होती. जायला हवं होतं. त्याच्या दुधाविनाही आज फाटलंच होतं ना! पण आधी चोर सापडू दे, मग जातो, असं मनाशी म्हणून मी सरळ घरी गेलो. हा माझा कच्चेपणा.

सकाळी मी ओट्यावर स्टोव्ह मांडला आणि एक लांब दांड्याची पळी घेतली. जाहीर करून टाकलं, "आज कोनाचंबी दूध कॅनात जाणार नाई, जोवर या पळीत उकळत नाई!" काय ती गर्दी! दूध न घालणारीही माणसं जमली. एकेका घरचं पळीभर दूध ज्योतीवर धरायचं. थिजलं तर चीक, उतू गेलं तर पास! नारायणकाकांचं दूध धरलं तेव्हा म्हातारा स्टोव्हवर असा वाकला होता की मिशी जळायची. दूध फसकन वर आलं. "गेलं! उतू गेलं!" काका लहान पोरासारखे ओरडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं घर, तिसरं घर, सातवं, दहावं. सगळी पास. लोक आता खेळ पाहिल्यासारखे पाहत होते आणि मी उरलेली घरं मोजत होतो.

शेवटी माझी माय. डोक्यावर पदर, कडेवर गंज, चेहऱ्यावर पाटलिणीचा तोरा. पळी धरली. बुडबुडा आला, दुसरा आला, आणि पळीत पिवळा गोळा थिजून बसला.



"माय," मी म्हटलं, "तू चीक कॅनात टाकला?"

"टाकला मंग!" तिला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. "दोन म्हशी व्याल्या आपल्या. चीक एकट्यानं खाते काय कोनी? साऱ्या गावात वाटला. मंग म्हणलं, अकोल्याचे लोक रोज आपलं दूध पेतेत, त्यायचाबी वाटा हायच ना? त्यायच्या दारी कुठं म्हशी हायेत? कोन देईन त्यायच्या लेकरायले चीक? तू दूध इकतं, इक बाप्पा. चीक म्या नाई इकला. तो मापाच्या वरून टाकला, फुकट!"

मला हसावं की रडावं कळेना. लोक हसायला लागले, मायही हसली, आणि मी हसता हसता एकदम थांबलो. कारण मला सुखदेवचा तो प्रश्न आठवला, कोणाच्या दारात जाशील? गेलो होतो का मी तरी कुणाच्या दारात? दार माझंच होतं.

आणि वेळ कुठे होता! आमच्या घरचे सात शेर बाद झाले; ते बाकीची घरं विरजणासाठी ठेवलेल्या दुधातून भरून देणार होती, पण रोजची ती चार बोटं रिकामीच. शेठजींना कॅन भरलेला हवा, पेंडी नको. गाडीला तासाभराचा अवकाश. मी जोडे न घालता धावत सुटलो. चिखल तुडवत वस्तीत पोचलो तेव्हा सुखदेव नुकती धार काढून उठला होता.

"सुखदेव, चूक माह्या घरची निघाली," मी धापा टाकत म्हटलं. "मायनं चीक टाकला होता. माफ कर मले."

"मले काहून सांगतं?" तो म्हणाला. "माही चूक नाई हे मले पह्यलेपासूनच ठाऊक होतं. ज्यायले ठाऊक नाई, त्यायले जाऊन सांग."

"सांगतो. साऱ्यायसमोर सांगतो. पण दूध घेऊन चाल. तू आला नाई तं आज कॅन जात नाई."

त्यानं माझ्या चिखलात बरबटलेल्या पायांकडे पाहिलं, गंज उचलला आणि चालू लागला. मी मागे.

ओट्यावर चढून मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "कॅन माह्या घरच्या चिकानं नासला. आन मी पाहिल्याबिगर, तपासल्याबिगर सुखदेवले बंद केलं. चूक मायची नाई, तिनं मायेनं टाकला. चूक माही." नारायणकाका खाली पाहत मिशी कुरवाळत होते. मग मला वाटलं आता मोठं मन दाखवावं. कॅनाचं झाकण उघडून मी म्हटलं, "घाल सुखदेव. तुह्यं दूध पळीत पाहाची गरज नाई."

तो जागचा हलला नाही.

"काहून गरज नाई? साऱ्यायचं पाहिलं ना? माह्यंबी पाह्य."

"अरे, पण तुह्यावर इस्वास..."

"इस्वास तुह्यापाशी ठेव. मले सूट नाई पाहिजे, शामराव. सारखं पाहिजे."

मी पळी धरली. सगळं गाव त्या पळीवर वाकलं. दूध चढलं, चढलं आणि भसकन उतू जाऊन स्टोव्ह विझला! टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण मागून कुणीतरी म्हणालं, "लय दाट हाय बे." बाकीच्यांचं दूध पडलं, मग सुखदेवचं. कॅन गळ्यापर्यंत आला. तो म्हणाला, "आज मी उशिरा आलो म्हणून शेवटी घातलं. उद्या लवकर येईन."

बैलांच्या शेपट्या पिळत आम्ही रेंगी अशी हाणली की दोन मैल कुठे सरले कळलं नाही. सिग्नल पडला होता, गाडी शिट्टी देत होती, गार्ड डब्यातून वाकून "जल्दी, पाटील, जल्दी!" ओरडत होता. चौघांनी कॅन उचलून आत ढकलला आणि गाडी हलली. संध्याकाळी मी फलाटावर दोन तास आधीच जाऊन बसलो. गार्ड उतरला आणि काही बोलायच्या आत त्यानं दोन्ही हात वर केले. "नहीं फटा!" मी त्याला तिथेच मिठी मारली. बिचारा गांगरून गेला.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर पोचलो तर सुखदेव पायरीवर बसलेला. अजून कुणी आलं नव्हतं. मी स्टोव्ह पेटवला, पळी धरली, मापलं, नळी सोडली. "घाल," मी म्हटलं. कोरड्या कॅनाच्या तळावर पहिलं दूध पडलं त्याचा आवाज कसा आला म्हणता! मी कॅनात पाहिलं, त्यानं माझ्याकडे.

मग बाकीचे आले. आले आणि चार हातांवर थांबले. खाली सुखदेवचं दूध होतं. आता जो घालेल त्याचं दूध त्यावर पडणार होतं, आणि हे सगळ्यांना दिसत होतं. गंज कडेवर घेऊन दहा माणसं उभी. कुणी पुढे येईना, कुणी परतही जाईना. मायला मी चार दिवस बंदी घातली होती, नाही तर ती केव्हाच पुढे झाली असती. मी तोंड उघडणार होतो, माझं भाषण तयार होतं. सुखदेवनं मानेनंच मला नाही म्हटलं. तिकडे गाडीची वेळ सरत होती.

मागून नारायणकाका आले, नेहमीसारखे घाईत, नेहमीसारखे कुरकुरत. त्यांनी रांग पाहिली, कॅन पाहिला, आत वाकून तळाशी पडलेलं दूध पाहिलं. कॅनापाशी सुखदेव तसाच उभा होता. काकांनी त्याच्या दंडाला कोपरानं ढोसलं.

"सरक ना बे थोडा," ते म्हणाले, "गाडी गाठाची हाय."

आणि गंज उपडा केला.